महिन्याचं तयार गावरान पिल्लू: तिप्पट पैसे देऊन परवडतं का?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ब्रॉयलरवाल्यांसाठी नाही आणि अंड्याचा धंदा करणाऱ्यांसाठी पण नाही. ज्यांच्याकडे अर्धा-एक एकर रान आहे, चार आंब्याची झाडं आहेत, एखादं जुनं पत्र्याचं शेड आहे आणि शंभर-दोनशे कोंबड्या रानात मोकळ्या सोडून, वाढवून, खाण्यासाठी विकायच्या आहेत त्यांनी वाचा. प्रॉडक्ट म्हणजे महिन्याचं पिल्लू. हॅचरीतून दिवसाचं पिल्लू आणायचं, चार आठवडे ऊब द्यायची, लसी करायच्या, पंख फुटेस्तोवर सांभाळायचं आणि मग आपल्यासारख्यांना विकायचं, हा काही लोकांचा धंदाच आहे. सरकारी कागदावर त्याला मदर युनिट म्हणतात, आमच्या भोरच्या बाजूला कुणी तसं म्हणत नाही, 'महिन्याची पिल्लं मिळतील का' एवढंच विचारतात.

मी ज्या काकांकडून घेते त्यांचं नाव टाकत नाही. त्यांच्याकडे आधीच बुकिंग फुल असतं आणि मलाच पिल्लं मिळायची बंद व्हायची :)

तर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. दिवसाचं पिल्लू आमच्याकडे तीसच्या आसपास पडतं आणि महिन्याचं शंभर ते एकशेदहा. मग ताई एवढे तिप्पट पैसे कशाला घालायचे, चार बल्ब लावले की झालं की. बरं, चला हिशोब करू. शंभर पिल्लं, तीन हजार. चार आठवड्यांत सुधारित गावरान पिल्लू पाऊण-एक किलोच्या मध्ये कुठेतरी खाद्य खातं, आठशे ग्रॅम धरा, स्टार्टर म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य पंचेचाळीस रुपये किलो, म्हणजे छत्तीसशे. लसी, गूळपाणी, औषधं धरून सहाशे, लाइट आणि तूस आठशे. झाले आठ हजार. आता शंभरातली बारा मेली (आणि घरगुती ब्रूडिंगमध्ये, म्हणजे ऊब देऊन पिल्लं सांभाळण्यात, बारा म्हणजे तुम्ही चांगलं काम केलंय) तर उरलेलं एकेक पिल्लू एक्याण्णव रुपयांना पडलं. आणि पौषातल्या थंडीत रात्री दोनला लाइट गेली, पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि सकाळी तीस दाबून मेलेली निघाली तर तेच पिल्लू एकशेचौदाला जातं. त्यात तुमची झोप धरलेली नाही. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइट लागतं, मग दर आठवड्याला पाच-पाच डिग्री कमी, आणि हे सगळं आमच्याकडच्या लाइटच्या भरवशावर. आमच्या आत्याबाई म्हणतात खुडूक कोंबडीखाली बसवा, फुकटात होतंय, आणि त्यांचं खरं आहे, पण एका खुडकीमागे दहा-बारा पिल्लं, शंभरासाठी खुडूक कोंबड्यांची फौज कुठून आणू.

लसीचा पण एक मुद्दा आहे जो कुणी धरत नाही. मरेक्स रोगाची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी होते, मग सातव्या दिवसाच्या आसपास लासोटा म्हणजे राणीखेतची, चौदाव्याच्या आसपास गंबोरो रोगाची, मग परत लासोटाचा बूस्टर. या शीशा शंभर डोसच्या, पाचशे डोसच्या येतात, बर्फातून आणायच्या, फोडली की दोनेक तासात संपवायची, उरली तर फेकून द्यायची. शंभर पिल्लांसाठी पुण्याहून थर्मासमध्ये लस आणायची म्हणजे लसीपेक्षा पेट्रोल जास्त. काकांकडे एका वेळी हजारच्या वर पिल्लं असतात त्यामुळे त्यांना ते परवडतं. मानमोडी म्हणजे राणीखेत एकदा शिरली की गावात कुणाच्याच खुराड्यात काही शिल्लक ठेवत नाही, तिथे पाच रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

म्हणजे पैशात फरक दहा-पंधरा रुपयांचा. तेवढ्यावर मी चार स्टार दिले असते आणि विषय संपवला असता. पण महिन्याच्या पिल्लाचा खरा फायदा हा नाहीच. खरा फायदा तारखेचा आहे, त्यावर पुढे येते, आधी माल कसा असतो ते.

काका पिल्लं पहाटे आणतात, प्लास्टिकच्या क्रेटमधून, उन्हाळा असेल तर रात्रीच निघतात. मी क्रेट खाली उतरवू देत नाही, आधी मधल्या क्रेटमधली दोन-चार उचलून बघते, कारण वरच्या क्रेटमध्ये कुणीही चांगलीच ठेवणार. छातीच्या हाडावरून बोट फिरवायचं, हाड सुरीसारखं धारदार लागलं तर पिल्लू उपाशी किंवा जंताचं आहे, दोन्ही बाजूंनी मांस हाताला लागलं पाहिजे. शेपटीखाली बघायचं, हगवण चिकटून वाळलेली नको. लाल-तपकिरी डाग असेल तर रक्ती हगवण, ते अख्खं क्रेट परत. डोळा उघडा, पायाला चकाकी, आणि हातात धरल्यावर पिल्लानं जोरात लाथ मारली पाहिजे. वजन तीनशे ग्रॅमच्या पुढे असावं. काका स्वतःच वजनकाटा घेऊन येतात, ही त्यांची गोष्ट मला आवडते. सोबत एक वहीचं पान देतात, त्यावर कुठली लस कधी, आणि शीशीवरचा बॅच नंबर पण लिहिलेला असतो.

हे पान का महत्त्वाचं ते सांगते. त्यांच्याकडे पिल्लं नव्हती तेव्हा दुसऱ्या एका सप्लायरकडून घेतली होती, फोनवर 'सगळं व्हॅक्सिन कंप्लीट आहे मॅडम', आल्यावर विचारलं कुठलं कधी दिलं तर म्हणे मुलगा करतो ते, मला माहिती नाही. आणि वर त्या पिल्लांच्या चोची कापलेल्या. आता चोच कापणं हे बंद शेडमधल्या पक्ष्यांसाठी असतं, एकमेकांना टोचू नये म्हणून. मोकळ्या रानात ज्याला किडे वेचायचेत, कोवळा शेंडा तोडायचाय, पालापाचोळा उलटवायचाय त्याला चोच नसेल तर तो दिवसभर भांड्यापाशीच उभा राहणार. अशी पिल्लं रानात सोडून काय उपयोग, खाद्याचं बिल शेडसारखंच येतं. फोनवर भाव विचारायच्या आधी हे विचारा: चोच कापलीय का? कापली असेल तर दहा रुपये कमी लावले तरी घेऊ नका.

जातीबद्दल. ओरिजिनल गावरान म्हणून जे सर्रास विकलं जातं ते बहुतेक वेळा ओरिजिनल नसतंच, आणि त्यात काही वाईट पण नाही, फक्त तुम्हाला माहिती पाहिजे काय घेताय. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं काढलेली, गिरिराजा बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, दोन्ही अंगानं भरतात पण जड होतात आणि जड पक्षी घार आली की पळत नाही. सोनाली म्हणजे बांगलादेशातला क्रॉस, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) नर आणि फायोमी जातीची मादी, दिसायला एकदम देशी, पायाला चपळ, रानात मस्त फिरते, पण तीन महिन्यांनी किलोच्या आसपासच घुटमळते. गिऱ्हाईक दिसण्यावर जातं, लाल तुरा, रंगीत पिसं, पिवळे पाय. पांढरा पक्षी कितीही रानात फिरवला तरी लोक म्हणणार हा ब्रॉयलरच आहे. काकांकडे मिक्स रंगाचा सुधारित क्रॉस मिळतो, माझ्या रानात साधारण तीन महिने-सव्वातीन महिन्यांत सरासरी एक किलो चारशे भरतो, नर जास्त, माद्या कमी. कडकनाथचं मला विचारू नका. झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पक्षी चांगलाच आहे, पण २०१९ ला आपल्याकडे 'आम्ही परत विकत घेऊ' म्हणून पिल्लं गळ्यात मारायचे जे प्रकार झाले त्यानंतर एवढंच म्हणेन, विकत कोण घेणार हे पिल्लू घ्यायच्या आधी ठरलेलं पाहिजे, ते पण पिल्लू विकणाऱ्याच्या तोंडचं नाही.

आता रानातलं खाद्य. यूट्यूबवर सांगतात खाद्याचा खर्च निम्मा होतो. माझ्याकडे नाही झाला. चांगल्या दिवसांत चौथा हिस्सा वाचतो, पावसाळ्याच्या सुरवातीला किडे उठतात तेव्हा थोडा जास्त, मार्च-एप्रिलला जवळपास शून्य. कोंबडी काही शेळी नाही, गुडघाभर वाढलेलं गवत ती खात नाही, तिला कोवळं लागतं, बी लागतं, किडा लागतो. शेण आणि ओलं बारदान भरून मडकं पालथं घातलं की चार दिवसांत वाळवी लागते, ती पिल्लांपुढे झटकली की जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते, शिवाय प्रोटीन फुकट. शेवग्याचा पाला, अझोला हे पण चालतं. पण मूळ दाणा द्यावाच लागतो. मका, तांदळाची कणी, सोयापेंड, थोडा कोंडा आणि मिनरल मिक्स्चर, घरी भरडून एकोणतीस-तीस रुपये किलोनं पडतं. महिन्याच्या पिल्लापासून विक्रीपर्यंत एका पक्ष्याला सव्वाचार किलोच्या आसपास जातं, म्हणजे एकशेपंचवीस धरा. पिल्लू एकशेपाच, देवीची लस, आठव्या आठवड्याची आर टू बी (ही पण राणीखेतचीच) आणि जंताचं औषध मिळून दहा, मेलेल्यांचा भार पंधरा. अडीचशेच्या थोडं पुढे.

मेलेले म्हणजे आजारानं कमी, शिकारीनं जास्त. महिन्याच्या पिल्लाला कावळा नेऊ शकत नाही, हा मोठा फायदा, पण घार आणि मुंगूस नेतात. रात्री दार बंद केलं की झालं असं वाटतं, पण मुंगूस दिवसाचं फिरतं, दुपारी अकरा ते तीन घरात सगळे जेवायला आणि झोपायला असतात तेव्हाच. त्याला उपाय कुत्रा. जाळीला झटका मशीन लावलेलं रात्रीच्या रानमांजराला चांगलं. पहिले आठ दिवस पिल्लं शेडमध्येच ठेवायची, दाणा टाकताना डबा वाजवायचा, रोज तोच डबा, मग बाहेर सोडल्यावर संध्याकाळी डबा वाजवला की सगळी पळत घरात. पावसाळ्यात दव आणि चिखल सुकल्याशिवाय सोडायची नाहीत, नाहीतर रक्ती हगवण ठरलेली.

बरं, आता विक्री, कारण इथेच सगळं आहे. तोच एक किलो चारशेचा पक्षी व्यापाऱ्याला दिला तर तो दोनशेदहानं मागतो, म्हणजे दोनशेचौऱ्याण्णव, हातात राहिले एकोणचाळीस-चाळीस रुपये, त्यात तुमची मजुरी. थेट गिऱ्हाइकाला तीनशेनं दिला तर चारशेवीस, म्हणजे एकशेपासष्टच्या घरात. रान तेच, दाणा तोच, कुत्रा तोच. चारपट फरक. म्हणून मी जिवंत वजनावर, थेट, आणि शक्यतो आधी बुकिंग घेऊनच विकते.

पुण्याचं गिऱ्हाईक कापून मागतं, आणि तिथे वाद होतात. गावात कोंबडी साफ करतात म्हणजे पिसं काढून, हळद लावून जाळावर फिरवून, कातडीसकट तुकडे. शहरात कातडी सोलून पाहिजे. सोललं की दीड किलोच्या पक्ष्याचं किलोभर पण भरत नाही, मग फोन येतो, वजन कमी दिलं. आता मी आधीच व्हॉट्सअ‍ॅपला लिहून टाकते: भाव जिवंत वजनाचा, कापल्यावर एवढं भरेल, शिजायला ब्रॉयलरच्या दुप्पट वेळ, चार-पाच शिट्ट्या. एका दादांनी दोन शिट्ट्यांत उतरवून 'चिवट आहे' म्हणून स्टेटस टाकलं होतं, आमच्या ग्रुपमधल्याच एका काकूंनी त्यांना परस्पर झापलं.

आणि तारीख. कोंबडीचा धंदा पंचांगावर चालतो, ज्याला हे कळत नाही त्याला खाद्याचं दुकान श्रीमंत करतं आणि तो स्वतः हात हलवत बसतो. शंभर दिवसांच्या पुढे पक्षी रोज शंभर ग्रॅम दाणा खातो, म्हणजे तीन रुपये, आणि वजन वाढतं दहा-बारा ग्रॅम, म्हणजे तीनशेच्या भावानं तीन-साडेतीन रुपये. नफा थांबला. आणि भाव पडला की तोटा सुरू. शंभर पक्षी श्रावणात अडकले तर महिन्याला नऊ हजारांचा दाणा नुसता जिवंत ठेवायला. २०२३ ला तर अधिक श्रावण आला, १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत श्रावणच श्रावण, आमच्या बाजूचे एकजण दीडशे कोंबड्या घेऊन दोन महिने बसले होते, शेवटी व्यापारी म्हणेल त्या भावाला.

म्हणून उलटं मोजायचं. आखाडात विकायचंय, जुलैच्या सुरवातीला, तर त्यातून पासष्ट दिवस मागे जा, एप्रिलअखेर महिन्याचं पिल्लू रानात पाहिजे. चैत्रातल्या जत्रांसाठी एप्रिलच्या मध्याला माल तयार पाहिजे, तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिल्लू. म्हणजे जत्रेचा माल गेला, शेड झाडलं, चुना मारला, आठवडाभर मोकळं ठेवलं, की लगेच आखाडाची पिल्लं. दिवसाचं पिल्लू आणलं तर पंच्याण्णव दिवस लागतात, दोन्ही सण एका शेडमध्ये बसतच नाहीत, एक सोडावाच लागतो किंवा ब्रूडिंगला वेगळी खोली बांधावी लागते. श्रावणात शेड रिकामं ठेवायचं, तेव्हा तशीही भाताची लावणी आटपून माणूस मेलेलं असतं. मग ऑक्टोबरच्या शेवटी पिल्लं, थर्टीफर्स्टला माल. मधे मार्गशीर्षाचे गुरुवार येतात पण ते गुरुवारच, आठवड्याचे बाकी दिवस लोक खातात.

माझ्यासाठी काकांना दिलेले जास्तीचे दहा-पंधरा रुपये हे या एका जादा बॅचचे आहेत. शंभर पक्ष्यांची एक जास्तीची बॅच थेट विकली तर पंधरा-सोळा हजार. त्यापुढे पिल्लामागे दहा रुपये कोण मोजतंय.

आता तक्रारी, कारण आहेत. एक तर पन्नासच्या खाली देत नाहीत आणि गाडीभाडं वेगळं, त्यामुळे ज्यांना घरापुरती वीस-पंचवीस पाहिजेत त्यांनी दोघातिघांत मिळून मागवावी. दोन, ॲडव्हान्स निम्मा घेतात आणि तारीख चार-पाच दिवस पुढे-मागे होते, आखाडाच्या बॅचला चार-पाच दिवस म्हणजे खूप होतात, मी त्यावरून त्यांच्याशी भांडले पण आहे, त्यांचं म्हणणं हॅचरीकडूनच उशीर होतो. तीन, नर-मादी वेगळे करून देत नाहीत. महिन्याच्या पिल्लात तुरा बघून बऱ्यापैकी ओळखता येतं, नर जास्त दिले तर मी पाच रुपये वाढवून द्यायला तयार आहे पण ते म्हणतात मग माद्या मी कुणाला विकू ताई, ते पण बरोबर आहे. चार, पोचल्यापासून तीन दिवसांत मेली तर बदलून देतात, पुढचं तुमचं. प्रवासाचा ताण चौथ्या-पाचव्या दिवशी पण दिसतो, निदान आठवडा तरी धरावा.

सरकारी स्वस्त पर्याय पण आहे. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट किंवा पंचवीस तलंगा (तरुण माद्या) आणि तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर मिळतो, पंचायत समितीत चौकशी करायची. घरच्या अंड्यांसाठी चांगलं आहे. पण मिळतील तेव्हा मिळतील, आखाडाची तारीख त्यावर ठरवता येत नाही.

कुणी घेऊ नये: ज्यांच्या घरात दिवसभर माणूस असतं, ब्रूडिंगचा हात बसलेला आहे, लाइट जात नाही किंवा इन्व्हर्टर आहे आणि वर्षाला एकच बॅच करायची आहे, त्यांना दिवसाचं पिल्लूच स्वस्त. आणि ज्यांचं गिऱ्हाईक अजून ठरलेलं नाही त्यांनी कुठलंच घेऊ नये, आधी नातेवाईक, ऑफिसवाले, सोसायटीचा ग्रुप, तीस-चाळीस घरं हो म्हणू देत.

माल साडेचार स्टार, तारखेचा वक्तशीरपणा अडीच, हिशोबाचा प्रामाणिकपणा पाच. थर्टीफर्स्टसाठी घ्यायची असतील तर गणपती उठले की लगेच कुणाकडे तरी बुकिंग टाका, दसऱ्यानंतर फोन केलात तर क्रेटच्या तळाशी उरलेलीच पिल्लं मिळतील.